नऊ पांढरे ब्लाउज आणि माझं सिंक

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो! सौसरच्या शाळेत पोरांना कंप्यूटर शिकवणारा माणूस मी, आणि घरच्याच मोबाइलवर असा पराक्रम केला का पार पांढुर्ण्यापर्यंत माझं नाव झालं.

माझी बायको सुनंदा ब्लाउज शिवते. हात असा, का तिगाव-रामाकोन्याच्या बाया तिच्याकडेच येतात. कोणी आलं का त्या बाईचा, कापडाचा आणि मापाच्या चिठ्ठीचा एकत्र फोटो काढते, मग चिठ्ठी फेकून देते. ही युक्ती माझी बरं का!

एक दिवस म्हणाली, "अहो, माहे फोटो वर चढूनच नाही राहिले. जरा पाहा ना."

पाहिलं तर तिच्या अकाउंटमधली जागा संपलेली. त्यात काय! मी माझंच अकाउंट तिच्या फोनमध्ये टाकलं, सिंक चालू केलं. फटाफट सगळे चढले. काय छाती फुगली माझी!

दुसऱ्या दिवशी शाळेत फोन उघडतो तर काय? ब्लाउजच ब्लाउज! बाजूला हेडमास्तर उभे. मी घाबरून सगळे निवडले, सोबत माझे नको असलेलेही घेतले, आणि एका दमात डिलीट. म्हटलं, हिचे हिच्या फोनमध्ये आहेतच.

आता तुम्हीच सांगा, अकाउंट एक, फोन दोन. इकडून पुसलेलं तिकडं राहील? हेच मी वर्गात शिकवतो हो!

घरी आलो तर सुनंदा फोन धरून दारातच. "अहो, माहे फोटो कुठं गेले?"

"नेटवर्क नसन."

सिंक बंद केलं, चालू केलं, फोन बंद केला, चालू केला. नुसतं चक्र फिरून राहिलं. आणि घरात रामाकोन्याच्या लग्नाचे नऊ पीस पडलेले. बुद्धविहारातलं लग्न, म्हणून नऊच्या नऊ पांढरेशुभ्र! कोणता कोणाचा, कसं ओळखावं?

सुनंदा सरळ मशीनवर जाऊन बसली. मी मात्र गुपचूप नवरीच्या आईला, लताबाईंना फोन लावला. "जरासा घोटाळा झाला. मापं परत द्या लागतीन."

झालं! तो घोटाळा गावभर फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप, आणि जीपमधून नऊ बाया!

"मास्तर," लताबाई गरजल्या, "ब्लाउज जळाले म्हणे?"

"काय जळालं?" सुनंदा आतून आली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय करता? सांगून टाकलं खरं खरं.

सुनंदानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग आतून गठ्ठा आणला. सगळे शिवून तयार! "काकू, तुमचा उजवा खांदा उतरता, हा तुमचा. रंजना, तुले कापूस वेचा लागते, बगल ढिली ठेवली. हा घे."

नऊ बाया आत गेल्या, घालून आल्या. एक टाका उसवा लागला नाही हो! चौदा वर्षांचा संसार, आणि माझी बायको काय चीज आहे हे मी त्या दिवशी पाहून राहिलो होतो.

"बिना फोटोचं कसं जमलं तुले?" मी विचारलं.

"बाई एकदा पाहिली का हाताले समजते."

"मग फोटो कायले काढत होती?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं शिकवलं म्हणून." तिनं फोन हातात घेतला. "आन् डिलीट झालेले काही दिवस त्या कचरापेटीत राहतात. थांबा."

मास्तर कोण, शिकणारा कोण? तिनं सगळे निवडून बटण दाबलं. लताबाईंसकट नऊ माना फोनवर वाकल्या. ब्लाउज आले, बाया आल्या, चिठ्ठ्या आल्या... आणि त्यांच्या मागोमाग मी! आरशापुढं उघड्या अंगानं, श्वास रोखून, पोट आत ओढून काढलेले माझे सेल्फी. एक नाही, सव्वीस!

बाया हसून हसून खालीच बसल्या. लताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सुनंदा, मास्तरचंही माप काढून ठेव वो."

सुनंदानं मशीनमध्ये दोरा ओवता ओवता सांगितलं, "कंबर बेचाळीस. पोट आत ओढलं तरी बेचाळीसच."