बसूच्या सुरीचं टोक

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात आमची पलटण काश्मीरच्या उत्तर भागात होती. मी तेव्हा हवालदार होतो. चौकी डोंगराच्या माथ्यावर, खाली नाला आणि नाल्याच्या कडेनं कच्चा रस्ता. सकाळी रोड ओपनिंग, म्हणजे सुरुंग नाहीत ना ते बघत रस्ता तपासणं, दुपारी हत्यारांची सफाई, संध्याकाळी रोल कॉल. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळी चालते. रोज चालतं ते पाणी भरणं, दाढी करणं आणि वाट बघणं.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक बसवराज होता. त्याला सगळे बसू म्हणायचे. त्याचं गाव नेसरीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. घर लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. मला तो अण्णा म्हणायचा आणि आईचा विषय निघाला की ‘आमची अव्वा’ म्हणून सुरू व्हायचा. मग त्याला थांबवणं कठीण.

बसूला एक खुळ होतं. मोडीत निघालेल्या तीन टन गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा त्यानं वर्कशॉपमधून मागून आणला आणि त्याची सुरी करायला घेतली. ड्यूटी संपली की कानस घेऊन बसायचा. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. पातं आणि मूठ यांच्यामध्ये पितळेची बारीक पट्टी, ती लंगरमधल्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या, फुटक्या स्टोव्हच्या टाकीतून कापलेली.

मी एकदा विचारलं, “कशाला एवढा कुटाणा? बायोनेट हाय की.”

“अण्णा, त्ये कामाचं हाय. ह्ये बघायचं हाय.”

बघायचं म्हणजे काय, तेही त्यानं मला शिकवलं. सुरी आडवी धरायची आणि मुठीच्या शेंड्यापासून पात्याच्या टोकापर्यंत नजर फिरवायची. “डोळा कुठं अडकला न्हाय पायजे,” तो म्हणायचा. पाठीची रेघ मुठीतून निघून पात्यात अशी उतरली पाहिजे की लाकूड कुठं संपलं आणि पोलाद कुठं सुरू झालं ते फक्त रंगावरून कळावं. लाकडाचे रेषे मुठीच्या वळणानंच गेले पाहिजेत. पातं मुठीपेक्षा फार लांब झालं तर सुरी तोंडावर पडल्यासारखी दिसते, आखूड झालं तर बुटकी. पितळ जाड लावलं की सगळा नटवेपणा. आणि चकचकीत पॉलिश नको, कारण मग माणसाला सुरी दिसतच नाही, स्वतःचं तोंड दिसतं. मी हसायचो. पण आठ-पंधरा दिवसांनी ती सुरी आडवी धरली तेव्हा माझाही डोळा कुठं अडकला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

त्या सुरीनं त्यानं कधी काही कापलं नाही. बडाखान्याच्या मेजवानीला लंगर कमांडर बकरं सोलायला सुरी मागायला आला. बसू उठून उभा राहिला.

“रक्ताला लावायची न्हाय ही. खंडेनवमीला अव्वा हिला देवापुढं ठेवणार हाय. लिंगाच्या शेजारी.”

“फौजी आहेस का पुजारी?” लंगर कमांडर म्हणाला. सगळे हसले. बसूही हसला, पण सुरी दिली नाही. कंपनी कमांडर साहेबांनीही एकदा ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

“सरकारी इशू की है?”

“नो सर. बनायी है.”

“अच्छी है. दिखनी नहीं चाहिए.”

त्यानंतर ती बसूच्या पट्ट्याला, शर्टाच्या आत असायची.

आता त्या दिवसाचं. सकाळचं ऊन होतं. आमचा सेक्शन बदलीसाठी तीन टन गाडीतून खाली निघाला होता. धूळ आत येऊ नये म्हणून ताडपत्री मागूनही दोरीनं आवळून बांधली होती. पुढच्या जोंग्यात, म्हणजे जीपसारख्या गाडीत, लेफ्टनंट साहेब आणि रेडिओ सेट. एका वळणावर रस्त्याची कडा खचली. गोळी नाही, सुरुंग नाही. वरचं बर्फ वितळून रस्त्याच्या पोटातली माती वाहून गेली होती, एवढंच. गाडी कलली आणि नाल्यात आडवी पडली.

पाणी आत शिरलं. अंधार, ओरडा, अंगावर रेशनची खोकी. ताडपत्री बांधलेली, त्यामुळं बाहेर पडायला वाट नाही. मागच्या फळ्याजवळ बसू होता. त्यानं शर्टात हात घातला. दोऱ्या कापल्या, ताडपत्री उभी फाडली. उजेड आला. त्या सुरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही कापलं ते हे.

“एकेक. ढकलू नका. चला.”

लोक बाहेर पडले. मी पडलो नाही. मागचा फळा वाकून माझी नडगी त्याच्या आणि बाकाच्या मध्ये चेंगरली होती, आणि पाणी छातीला लागलं होतं. बसूनं सुरीचं टोक फळ्याच्या आकड्यात घातलं आणि सगळा भार टाकला. टोक मोडलं. पण आकडा निघाला, फळा सुटला आणि त्यानं मला काखेत धरून खडकावर ओढलं.

वरून रेडिओवर लेफ्टनंट साहेबांचा आवाज येत होता. “गाडी नाल्यात. कॅज्युअल्टी आहेत. मेडिकल पाठवा. ओव्हर.”

बसूनं माणसं मोजली. “सखाराम कुठं हाय?” सखाराम आमचा ड्रायव्हर. केबिन पाण्याखाली गेलेली होती.

“बसू, थांब. दोर येतोय.”

“आलोच अण्णा,” म्हणून तो परत उतरला. केबिनचं दार त्यानं उघडलेलं मी बघितलं. मग गाडी पुन्हा कलली आणि पालथी झाली. दोघंही परत आले नाहीत.

कागदावर ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे अपघाती मृत्यू, अशी नोंद झाली. लढाईत पडलेल्याची बॅटल कॅज्युअल्टी वेगळी. नियम आहे, नियमाला मी काही म्हणत नाही. मी हॉस्पिटलमध्ये होतो. पार्थिव दुसऱ्यांनी गावी नेलं. पाय बरा झाल्यावर रजेवर आलो तेव्हा अव्वाकडं जाऊन, बसूनं आम्हाला कसं बाहेर काढलं ते सांगितलं. सुरीचा विषय मी काढला नाही. ती नाल्यात गेली असंच मी धरून चाललो होतो.

सन दोन हजारनंतर मी निवृत्त झालो, सुभेदार म्हणून. लंगडत्या माणसाला जी नोकरी मिळते ती मिळाली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यावर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. कारखान्याच्या मालकांना सुऱ्या-खंजीर जमवण्याचा नाद होता. एका वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांनी कोल्हापुरात एक हॉल घेऊन आपल्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं आणि पहाऱ्याला मला नेमलं. “तुम्ही फौजी. लोकांवर छाप पडते,” असं म्हणाले.

काचेच्या पेट्या, आत मखमल, वर पिवळे दिवे. तिसऱ्या पेटीपाशी मी थांबलो. अक्रोडाची मूठ. पितळेची बारीक पट्टी. टोक मोडलेलं. मला ओळखायला वेळ लागला नाही. शेजारी छापील कार्ड होतं. ‘काश्मीरच्या चकमकीत एका वीर जवानाने ही सुरी शत्रूच्या छातीत खुपसली. टोक बरगडीत मोडले.’

माझं डोकं सणकलं. एक जत्राच जमली होती त्या पेटीपाशी. माणसं कार्ड वाचायची, मग वाकून टोकाकडं बघायची आणि जीभ चावायची. एक बापई पोराला सांगत होता, “बघ, कशी आत घुसवली असंल.” आणि या सगळ्यावर पहारा द्यायला मी उभा.

मालक पाहुण्यांना घेऊन आले. बोलू लागले, आणि मी थक्क झालो. म्हणाले, “ही कुणा नामांकित कारागिराची नाही. तरी संग्राहक हिच्यापाशीच थांबतो. का? नजर फिरवून बघा, कुठं अडकत नाही. लाकडाचा रेषा वळणाबरोबर जातो. पितळ नावापुरतं. पॉलिश मुद्दाम मंद ठेवलंय.” शब्द बसूचेच होते. या माणसानं बसूला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याच्या हाताला नेमकं ओळखलं होतं. त्या घटकेला मला मालकांबद्दल माया वाटली, खोटं कशाला बोलू?

मग ते म्हणाले, “नजर अडकते ती फक्त इथं, मोडक्या टोकाशी. आणि नजर जिथं अडकते तिथं संग्राहकाला गोष्ट लागते.”

पाहुणे गेल्यावर मी पेटी उघडून कार्ड काढलं.

“सुभेदार, कार्ड जागेवर ठेवा.”

“न्हाय ठेवत. खोटं हाय ह्ये.”

“अहो, त्याच्या गावानंच सांगितलंय मला. पुढाऱ्यानं सभेत भाषण केलं होतं, वेशीवर फलकही लावलाय, सगळ्या गावाला पाठ आहे.”

“गाव तिथं न्हवतं. मी होतो.”

मी नालाकाठची सगळी हकिकत सांगितली. ऐकून घेतली त्यांनी. आणि मग म्हणाले, “पण मग हे... अपघाताचंच झालं की हो.”

त्या एका ‘च’चा मला जो संताप आला तो आजही गेलेला नाही. माणूस मारला तर सुरी देखणी, आणि माणसं वाचवली तर मोडकी? पुढाऱ्याला भाषणात अपघात पुरला नाही. गावाला वेशीवरच्या फलकात पुरला नाही. यांना काचेच्या पेटीत पुरला नाही. बसूनं जे केलं ते तुमच्यापैकी कुणी करून दाखवलंत, तर मी तुमच्या बुटाला पॉलिश करीन, असं मी भर हॉलमध्ये बोललो. आवाज चढला होता. पेट्यांभोवतीची माणसं मागं सरली.

“तुम्हाला ही मिळाली कशी?” मी विचारलं.

“त्याच्या आईनं दिली. त्याच्या अंगावर सापडली आणि सामानाच्या ट्रंकेतून घरी आली होती म्हणे. मी पैसे पुढं केले तर हात लावला नाही. फक्त घेऊन जा म्हणाली.”

हे मला पटेना. अव्वा सुरी देऊन टाकेल? पुढच्या रविवारी एसटीनं नेसरी गाठली आणि तिथून तिचं गाव. अव्वा जोंधळे निवडत बसली होती. म्हातारी झाली होती, पण आवाज तसाच खणखणीत.

“अव्वा, सुरी का दिलीस?”

तिनं सूप खाली ठेवलं. “बाळा, त्या सुरीनं माणूस मेला म्हणं. लिंगाशेजारी कशी ठिवू? आणि माझ्या पोरानं क्येलेली वस्तू फडताळात तरी कशी कोंबू? तो पावणा कवतिकानं बघत हुता. म्हनलं, न्हे बाबा.”

“मी सांगितलंतं की तुला. गाडी पडली. त्यानं आम्हाला काढलं.”

“तू माझं मन राखाय बोललास असं वाटलं. सगळं गाव दुसरंच बोलत हुतं.”

एवढी वर्षं ही बाई आपल्या पोराच्या हाताला रक्त लागलं असं समजून खंडेनवमीला रिकाम्या पाटापुढं बसत होती. गावानं तिच्या पोराला मोठं केलं म्हणे. मोठं करता करता आईपासून तोडलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी तिला सगळं परत सांगितलं. दोऱ्या, ताडपत्री, आकडा. सुरी रक्ताला लावायची नाही म्हणून लंगर कमांडरशी घातलेली हुज्जतही सांगितली. शेवटच्यावर ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. निघताना म्हणाली, “ती परत आण, बाळा.”

कोल्हापूरला परतल्यावर मी मालकांना एवढंच म्हणालो, “तिनं फुकट दिली, आता फुकट मागतीया.” ते चिडले. नवीन कार्ड छापतो म्हणाले, खरं छापतो म्हणाले. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी पेटी उघडली. देताना सुरी एकदा उजेडात आडवी धरून मुठीपासून टोकापर्यंत बघितली, तशीच, बसू बघायचा तशी. मग माझ्या हातात ठेवली. पुढच्या महिन्यात माझी ड्यूटी मागच्या गेटवर लागली. लागू दे.

खंडेनवमीला मी अव्वाकडं होतो. तिनं पाट मांडला, विळा ठेवला, खुरपं ठेवलं आणि लिंगाच्या शेजारी सुरी. पात्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले. मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

“ह्ये तुज्या पायापायी मोडलं?”

“व्हय अव्वा.”

“वर घे इजार.”

मी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली. नडगीवर जुना खड्डा आहे. तिनं भस्माची बोटं तिथं आणली तसा मी पाय मागं घेतला. “अव्वा, पायाला नको.”

“गप बस. ऱ्हायलेलं टोक हितंच हाय.”

तिनं माझ्या नडगीवर तीन पट्टे ओढले आणि हात जोडले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमच्या ड्रायव्हरचं नाव काय हुतं?”

“सखाराम.”

तिनं पाटापुढं दोन फुलं वाहिली आणि दोघांची नावं घेतली.