मागे राहिलेली डिस्क

आमच्या दुमांगास गावात कुणी वारलं की आधी पाद्र्याकडे सांगावा जायचा आणि लगोलग तासियोकडे. मयताजवळच्या प्रार्थना, जमलेली माणसं, मेलेल्यानं मागं लागू नये म्हणून शवपेटीवरून लहान पोरांना पलीकडे देणं, सगळं तो कॅमेऱ्यात टिपायचा. निम्मं गाव पोटासाठी परमुलखात. त्या बिचाऱ्यांनी आईबापाचं शेवटचं तोंड बघायचं ते तासियोच्या कृपेनं.

हे सगळं त्याच्या घरच्या कॉम्प्युटराला जोडलेल्या दोन डिस्कवर राही. एकीवर लिहिलं की दुसरीवरही तेच. एक मेली तर दुसरी आहे. "पण सुटलेली डिस्क परत जोडली, की तिनं आधी चालू डिस्कचं गुपचूप ऐकून घ्यायचं," तो येईल त्याला ऐकवायचा. "मागे राहिलेल्यानं पुढच्याला शिकवायचं नाही. आमच्या सासऱ्यासारखं." त्यावर फेलिसा, त्याची बायको, म्हणायची, "माझ्या बापानं शिकवलं म्हणून दोन घास खातोयस."

ती फेलिसाच अंथरुणाला खिळली. त्याच दिवसांत एका डिस्कची वायर सुटून ती बंद पडली. तासियोला दिसत होतं. उद्या बघू, म्हणाला. दुसरी चालू होती, आणि घरात असं दुखणं असताना वायरी कोण बघतो?

मुलगी मारिदेल दोहाला, दुसऱ्यांची पोरं सांभाळायला. मालकीण सुट्टी देईना. फेलिसाला काय ते कळून चुकलं. तिनं नवऱ्याला कॅमेरा लावायला सांगितला.

"आता बाहेर हो. हे पोरीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. चोरून ऐकलंस तर याद राख. आणि फोनवर पाठवू नकोस तिला. परक्या घरात रडत बसेल. इथं येऊन बघू दे."

त्यानं वचन दिलं. नंतर न बघताच ते कॉम्प्युटरात भरलं, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून त्याच कार्डावर पुढं बायकोचंच मयत टिपलं. तिची भावंडंही परदेशातच की.

मारिदेल पोचली ती नेमकी दफनाच्या दिवशी. प्रेत घरात असेतो आमच्यात केर काढत नाहीत; काढला तर एकामागोमाग मरण येतं. माती देऊन आल्यावर पोरीनं झाडू हातात घेतला तो खाली ठेवेचना. बंद कॉम्प्युटरामागची धूळ काढताना तिला एक वायर लोंबताना दिसली. ती तिनं जागेवर खोचून दिली. त्या गडबडीत दुसऱ्या डिस्कची निघाली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

तासियोनं कॉम्प्युटर लावला तर एक वायर सुटलेली. त्याला वाटलं, ही तीच, आपण राहू दिलेली. पोरीला आईचं बोलणं दाखवण्याआधी दोन्ही डिस्क सारख्या करून ठेवू, आता पुन्हा दगा नको. त्यानं वायर जोडली आणि चालू डिस्कवरचं सगळं दुसरीवर नव्यानं लिहायचा हुकूम सोडला. जन्मभराचा नियम पाळला गड्यानं, पण उलट्या बाजूनं. मागे राहिलेल्या डिस्कनं पुढच्या डिस्कला पुसून काढलं.

जेवणं झाल्यावर मारिदेल समोर येऊन बसली. फेलिसा आजारी पडायच्या आधीचं सगळं तिथं होतं. नंतरचं काहीच नव्हतं. तासियोनं पुन्हा पुन्हा शोधलं, मग त्याचे हात थांबले.

"मागची वायर तू लावलीस का गं?"

"हो, तातै," ती बापाला म्हणाली. "लोंबत होती." तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"तू नुसती वायर लावलीस. इतके दिवस ती लोंबत ठेवली मी, आणि पुसलं तेही मीच." त्याला हुंदका आवरेना.

पोरगी कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "काय म्हणाली होती आई, हे कुणाला विचारू आता? तुम्हाला काहीच नाही ऐकू आलं?"

"दाराशीच बसलो होतो. पण वचन दिलेलं, म्हणून कान झाकून घेतले." तो आठवत राहिला. "मध्येच एकदा हसली. तेवढं कान झाकूनही ऐकू आलं."