आगीला उपाशी ठेवणारा

कुठे आग लागल्याची बातमी आली, की तो एक डोळा मिटून तर्जनीने हवेत आडवी रेघ ओढी आणि म्हणे, "तिला पानी कशाला पाजता सर? उपाशी ठेवा."

कळमनुरीत माझ्या घरासमोर त्याचे लेसरने लाकडावर नावे कोरण्याचे दुकान होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या दुपारी तिथेच जात. त्याचा सिद्धान्त असा: आगीच्या वाटेवरचे गवत लांबूनच लेसरने जाळून टाकायचे, खायला काही उरले नाही, की ती आपोआप मरते. लोक हसत. तो म्हणे, बंबवाले एक दिवस माझ्याकडे शिकायला येतील. नम्रतेचा दोष त्याला कधीच चिकटला नाही.

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरील प्रसंगाच्या आज दोन कहाण्या ऐकू येतात. एक, माळ त्यानेच पेटवला. दुसरी, त्याच्या यंत्राने आग विझली. दोन्ही खोट्या आहेत. मी तिथे होतो, सांगणारे नव्हते.

माळ पेटल्याचा फोन येताच त्याने यंत्र आणि जनरेटर टेम्पोत चढवले, मीही चढलो. आग कडब्याच्या गंज्यांकडे उतरत होती. तांड्याच्या गुरांचा सगळा चारा तिथे होता. त्याने किरण रोखला. वीतभरावरून सागवान कापणारा तो किरण लांब पोचेपर्यंत विरून गेला. गवताची काडीही तापली नाही. भिंग बदलले, तरी तेच.

मग त्याने तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांची माचिस मागितली आणि गंज्यांपुढच्या गाडीवाटेच्या कडेने गवत पेटवू लागला. एका बाईने त्याचे मनगट धरले. "चाचा, काहून पेटवून राहिले? चारा जाईल आमचा."

"ओली पोती घेऊन वाटंवर उभ्या ऱ्हावा. इकडं आली, तर मला शिव्या द्या."

त्याची आग माळाकडे सरकली. दोन्ही आगी समोरासमोर आल्या आणि तिथेच बसल्या.

नाईक म्हणाले, "समद्याला सांगतो, चाचाच्या मशिनीनं इझली."

हे वाक्य ऐकण्यासाठी तो किती वर्षे थांबला होता, ते मला ठाऊक होते. नुसती मान हलवली असती, तरी पुरे होते.

"न्हाई नाईक. माचिसनं इझली. मशीन आज फेल गेली. बराबर तेच सांगा." मग माझ्याकडे वळून, "पर तरीका माझाच हाय, सर."

त्याच कबुलीवरून लोक आज त्याला माळ पेटवणारा ठरवतात.

लेसर आग विझवील का? विझवील. रीत सिद्ध झाली आहे. किरण तेवढ्या ताकदीचा हवा. तसा किरण पाहायला मात्र तो राहिला नाही. मागच्या हिवाळ्यात गेला.

उन्हाळ्याच्या तोंडी मी तांड्यावर गेलो. तीच बाई गाडीवाटेच्या कडेने गवत पेटवत चालली होती. मागे बायका ओली पोती घेऊन उभ्या होत्या. कोणी शिकवले, असे मी मुद्दामच विचारले.

"चाचानं," ती म्हणाली, आणि तिने पुढची काडी ओढली.