तिची टोळी बोलायला लागली

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. पुसेगावात तिला मुकी म्हणतात, आणि तिच्या समोरच म्हणतात. हिंगोलीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतून दहावी करून ती घरी आली, तेव्हा मी पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत नुकताच लागलो होतो. दिवाळीला येताना माझा जुना कॉम्प्युटर तिच्यासाठी आणला आणि आमच्याच कंपनीचा एक ऑनलाइन गेम त्यात टाकून दिला.

त्या गेममध्ये गावोगावची माणसं एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात उतरायची. कोणी योद्धा व्हायचं, कोणी जादूगार. टोळी करून लढायचं आणि एकमेकांशी बोलायचं ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत टाइप करून. बहीण हीलर झाली. लढाईत कोण जखमी होतंय ते बघून त्याला वेळेत बरं करणं हे हीलरचं काम. त्याला नजर लागते, आणि नजर तिच्याइतकी कोणाची नव्हती. इंदूर, नागपूर, हैदराबाद अशा कुठल्या कुठल्या लोकांची तिची टोळी जमली. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायची सगळी. ती आल्याशिवाय लढाई सुरू करायची नाहीत. तिला ऐकू येत नाही हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नाही, आणि सांगायची वेळही आली नाही.

आई फोनवर मला विचारायची, "ही त्या डब्याम्होरं बसून कोणासंग हसून राहिली रे?"

"मैत्रिणी आहेत तिच्या."

"हसू दे मग," आई म्हणायची. घरात तिचं हसणं फारसं कोणी बघितलं नव्हतं.

मग कंपनीनं तो गेम कॉम्प्युटरवरून कन्सोलवर न्यायचं ठरवलं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. हातात कीबोर्ड नाही, दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर. कीबोर्डवर प्रत्येक मंत्राला वेगळं बटण होतं, कंट्रोलरवर मोजकीच. ती सगळी विद्या त्या मोजक्या बटणांत कशी बसवायची, हे काम माझ्या गटाकडं आलं. बटणांचं जमलं. एक दाबून ठेवून दुसरं दाबायचं, अशी तोड निघाली. अडलं ते चौकटीपाशी. टीव्ही लांबून बघतात, म्हणून अक्षरं मोठी करावी लागली, आणि मोठ्या अक्षरांची ती चौकट निम्मा पडदा खाऊ लागली.

"चौकट काढून आत मेनूत टाका," आमचे साहेब म्हणाले. "माईक देतोय ना आपण? सोफ्यावर बसलेला माणूस लिहीत नाही, बोलतो."

मी बहिणीचं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. पडद्याचं चित्र पुन्हा उघडून बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "पटतंय मला. पण जागा कुठाय?"

बोलणं ऐकून त्याची अक्षरं करणारी सोय तरी घाला, म्हणून मी मागं लागलो. तीही करून बघितली. इंग्रजी त्या सोयीला कळायचं. आपल्या लोकांच्या मिसळ हिंदीचा ती असा काही चिवडा करायची, की चाचणीला बसलेली पोरं हसून लोटपोट झाली. ती सोय वगळली. चौकट मेनूत गेली, मुद्दाम उघडली तरच दिसणार.

सुरुवातीला कॉम्प्युटरवाले आणि कन्सोलवाले एकाच मुलखात खेळत होते. बहिणीच्या टोळीतली माणसं एकेक करून कन्सोलवर गेली. ती लिहायची, उत्तर यायचं नाही. तिला वाटलं, आपलं नेट गेलं. मोबाईल घेऊन ती गच्चीवर रेंज बघत फिरायची, असं आईनं सांगितलं.

मी कन्सोल विकत घेतला आणि सुट्टी काढून गावी गेलो. टीव्हीला तो जोडला आणि त्याला कीबोर्डही जोडून दिला, म्हणजे तिला लिहिता यावं. ती खूश झाली. टोळी ऑनलाइन होती. तिनं लिहिलं, 'मी आले.' माझ्या कानाला हेडफोन होता. ती सगळी एकमेकांशी बोलत होती, कोणाच्या तरी भावाच्या लग्नातली गंमत चालली होती. चौकट कोणीच उघडलेली नव्हती. तिनं पुन्हा लिहिलं. मग लढाई सुरू झाली. दरवाजापाशी थांबायचं असं तोंडी ठरलं होतं, ही नेहमीसारखी पुढं गेली आणि मेली. तिच्यामागं सगळेच मेले.

"इस हीलर को सुनाई नहीं देता क्या?" एकजण वैतागून म्हणाला. सगळे हसले.

बहिणीनं माझ्याकडं बघून खूण केली. काय म्हणाले?

मी हातानंच सांगितलं, आवाज नीट येत नाही.

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. लहानपणापासून माणसांचे चेहरे वाचत आलेली ती. पुढं तिनं विचारलं नाही.

टोळीतली नागपूरची एक मुलगी मात्र अधूनमधून चौकट उघडायची. बाकीच्यांचं बोलणं थोडक्यात लिहून पाठवायची. काही महिने बहीण तेवढ्यावर खेळली. मग त्या मुलीची नोकरी लागली आणि ती यायची बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं कॉम्प्युटरवरचा गेमच बंद केला. खेळणारे उरले नव्हते, त्यामुळं त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

यंदा गेलो तेव्हा कन्सोल कपाटावर होता, वर आईनं फडकं टाकलं होतं. बहीण सेनगावला एका शिलाईच्या दुकानात जाते. सकाळी जीपनं जाते, दिवे लागायला परत येते. मी तिला फोनवर दुसरा एक गेम दाखवला. खुणेनं सांगितलं, यात अजून सगळे लिहितात. तिनं माझा फोन हातात घेतला, त्यातली चित्रं शेवटपर्यंत बघितली आणि टाइप केलं, 'हा पण टीव्हीवर येणार आहे का?'

येणार होता. आमच्याच गटाकडं त्याचं काम आलंय.

मी मान हलवून हो म्हटलं. तिनं फोन परत दिला आणि भाकरी करायला आईजवळ जाऊन बसली.