गिरणीतली चार पिल्लं

लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासरी पिठाची गिरणी होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दळायचे आणि मी डबे वजन करून रांगेला लावायची. आमचं बोलणं "ज्वारी कुणाची?" आणि "बारीक का जाड?" एवढंच.

एका सकाळी रिकाम्या पोत्यांमागे गल्लीतली तांबडी कुत्री व्यालेली दिसली. चार पिल्लं. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "गिरणीत कुत्री? लोक दळण आणायचं बंद करतील! नदीपल्याड सोडून या."

मामंजींनी एकेक पिल्लू उचलून पोत्यात ठेवलं. कुत्री गुरगुरली नाही, त्यांच्या हाताचं पीठ चाटत राहिली. मग मामंजींनी ते पोतं गिरणीच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब, कोपऱ्यात सरकवलं. "डोळं तर उघडू देत," म्हणाले आणि मोटार सुरू केली.

डोळे उघडले, तरी पिल्लं तिथंच. कुत्री हाडकुळी, तिचं दूध पुरेना. रेशनवर मिळणाऱ्या मिलोचं, म्हणजे तांबड्या परदेशी ज्वारीचं पीठ दुधात शिजवून मी त्यांना बोटानं चाटवायची. पिल्लं पिठात लोळून पांढरी व्हायची. बायका म्हणायच्या, "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, तसं झालं की तुमचं!" कधी न हसणारे मामंजीही त्यावर हसले.

दीड महिन्यात पिल्लं पट्ट्याकडे धावायला लागली. एकाची शेपटी थोडक्यात वाचली. आता घरं शोधणं भाग होतं. मामंजी दळण देता देता विचारायचे, "पिल्लू पाहिजे काय?" कुणी हो म्हटलं की उलटतपासणी. "बांधून ठेवणार का मोकळं? घरात ताक असतंय न्हवं?" एक बंगलेवाले साखळी हातात घेऊनच आले. "सगळी दिली," मामंजींनी सांगितलं. पिल्लं त्यांच्याच पायात खेळत होती.

एक नर शेजारच्या गवळ्याकडे गेला, दुसरा त्याच्या कागलच्या मेहुण्याकडे. माद्या कुणी घेईना. शेवटी गाद्या भरणारे चाचा म्हणाले, "आमच्या घरात न्हाय चालत. पण कापसाच्या शेडाला राखण पाहिजेच की. तिथं ऱ्हाईल." एक मादी त्यांनी खांद्याशी धरून नेली.

उरली एक. दोन दिवसांनी मामंजींनी मला विचारलं, "तुमच्या गगनबावड्याला शेतात डुकरं उतरत्यात म्हणं?"

"व्हय."

"मग तुझ्या बापाला कुत्रं लागणारच. जा, पोचवून ये. आठ दिवस ऱ्हा."

"आणि डबे कोण लावणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हाय की."

दिवाळीनंतर मी माहेरी गेले नव्हते, आणि जाऊ का म्हणून विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

एस्टीत कंडक्टरनं पिशवीत डोकावून पाहिलं. "बाई, कुत्रं चालत न्हाय."

"कुत्रं कुठं हाय? पिल्लू हाय," मी म्हणाले. तो हसून पुढं गेला.

अचानक मला दारात बघून आई घाबरली. "काय झालं गं?" मी पिशवी उघडून दाखवली. ती तिथंच उंबऱ्यावर बसली, हसतही होती आणि डोळेही पुसत होती. पिल्लू सरळ चुलीपाशी गेलं.

आठ दिवसांनी परतले तेव्हा गिरणी जोरात चालू होती. मला बघून मामंजींनी मोटारच बंद केली.

"रमली का?"

"पहिल्या दिवशी रडली. आता बाबांच्या मागं मागं शेतात जाते."

"आन तू? पोटभर बोललीस न्हवं आईसंगं?"

"बोलले."

मग मामंजी आपणहून बोलायला लागले. तांबडी दोन दिवस पोती हुंगत फिरत होती, आता पुन्हा जेवते. चाचांच्या शेडात जाऊन ते स्वतः बघून आले होते. कागलचा निरोपही आला होता. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी डब्यावरच बसून ऐकत राहिले.

"अवं, लाईट हाय तवर दळा की!" रांगेतली एक बाई ओरडली.