गळ्यावर हात

बी.ए. होऊन मी हिर्डोशीत बालवर्ग काढला, त्याला अजून वर्षही झालं नाही. पुण्याचे दोस्त विचारतात, "मुलं किती शिकली?" ते नका विचारू. किस्से मात्र कणगीभर साठलेत!

* * *

दीड वर्षाच्या मुलाला चार शब्द तरी यायला हवेत, असं मी पुस्तकात वाचलेलं. घरोघर तपासत निघालो. कोंडाबाईचा गणू माझ्याकडे नुसता टक लावून बघत होता.

"काहीच बोलत नाही?" मी कळवळून विचारलं.

तेवढ्यात गणूने हात उगारला. "हाड्!"

कोंडाबाई खूश. "बोल्ला की, मास्तर! आन् बराबर मानूस बगून बोल्ला!"

* * *

गिरजाआजी नातवाच्या जिभेला वेखंड लावत होत्या, बोलणं लवकर यावं म्हणून. मी त्यांना लांबलचक लेक्चर दिलं. त्यांचं बोट थांबलं नाही.

"तुमच्या आयनं जरा जास्तीच लावलं व्हतं, मास्तर!"

* * *

यसू चार वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. गाव म्हणे, देवाचा कोप. तिची आई सखू म्हणे, "एकडाव मला 'आये' म्हनू दे. बाकी काय नगं."

मी यसूच्या पाठीमागे थाळी बडवली. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. यसू हललीसुद्धा नाही.

"कोप नाही! तिला ऐकूच येत नाही!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

सखूने तुटकं दावं माझ्या हातात दिलं. "आदी म्हस हुडकून आना."

* * *

पुण्याला जाऊन मी एक युक्ती शिकून आलो. यसूचा हात आईच्या गळ्यावर ठेवायचा आणि आईने बोलायचं. मग आईचा हात यसूच्या गळ्यावर. थरथर कळली की आवाज फुटतो म्हणे.

सखू भातलावणीहून चिखलाने भरलेली यायची, आणि "आये, आये" म्हणत बसायची.

शेजारणी हसायच्या. "सखे, सोताच्या आयला हाका मारतीस व्हय गं?"

"मारते! तुमचं काय जातंय?"

यसू गप्पच. मी चिडायचो. "जोरात म्हणा, सखूबाई!"

* * *

भाद्रपदात सखूला हिवताप झाला. मी भोरहून क्विनाइन घेऊन चालत आलो, तोवर अंगणात माणसं जमली होती.

यसू आईच्या उशाशी बसली होती. तिने आईच्या गळ्यावर हात ठेवला. वाट पाहिली. हात जरा सरकवून पुन्हा ठेवला.

मग तिने आईचा हात उचलला, आपल्या गळ्यावर दाबून धरला.

"आ... ये."