पेपरच्या टेबलावर चित्रकला

जिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, तिथे किस्से फार साठतात. आमच्या वाचनालयात सगळे तोंड मिटून बसायचे आणि जाताना माझ्या खिडकीशी येऊन मन मोकळं करायचे. मी ग्रंथपाल. म्हणजे कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आणि गावाची गुपितंही माझ्याकडेच! भाईंदर तेव्हा ग्रामपंचायतीचं गाव होतं, सत्तर साल जवळ आलेलं. दर रविवारी दुपारी आमच्याकडे चित्रकलेचा वर्ग भरायचा.

*

वर्ग घ्यायचे सावंत सर. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत एका छापखान्यात काडेपेटीवरची चित्रं काढायला. वाघ, कमळ, घोडा. तेच तेच काढून कंटाळलेले, म्हणून सुट्टीच्या दिवशी फुकट शिकवायचे. जागा एकच, पेपर वाचायचं लांब टेबल. त्यामुळे रविवारी पेपर खिडकीतल्या बाकावर.

हे तात्यांना सहन होईना. तात्या म्हणजे मिठागरावरचे रिटायर्ड मुकादम. एकटे राहायचे आणि निम्मा दिवस त्या टेबलाशी काढायचे.

“चित्रांना टेबल आणि देशाच्या बातम्या खिडकीत? बाई, हे वाचनालय आहे की बालवाडी?”

त्यांनी थेट अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्षांनी निकाल दिला, “एक प्रदर्शन भरवा. मी स्वतः बघायला येतो. गाव आलेलं दिसलं तर वर्ग चालू. नाही तर टेबल तात्यांचं.”

सरांचा चेहरा उतरला. त्या माणसाला आठवड्यात आनंदाचे तेवढेच दोन तास मिळायचे. मला तात्यांचा मनापासून राग आला.

*

प्रदर्शनाच्या तयारीतला पहिला धडा स्थिरचित्राचा. सर म्हणाले, घरातल्या वस्तू आणा. सुशीलाबाईंनी वांगं आणलं. छान जांभळं, देठासकट. सरांनी ते तांब्याशेजारी मांडलं, सगळे माना खाली घालून कामाला लागले.

अर्ध्या तासानं सुशीलाबाई उठल्या आणि वांगं पिशवीत टाकलं.

“अहो, हे काय करताय?” सर ओरडलेच.

“हे यायची वेळ झाली. भरीत टाकायचंय. तुमचं होऊ दे निवांत!”

सगळ्यांच्या कागदावर अर्धं अर्धं वांगं राहिलं. सुशीलाबाई मात्र पुढच्या रविवारी पूर्ण चित्र घेऊन आल्या. भाजायच्या आधी पाटावर ठेवून काढलं होतं. ते सगळ्यांत चांगलं निघालं.

*

मगनभाई किराणावाले. दुकानाला सुट्टी म्हणून यायचे. एकदा सर सगळ्यांना मिठागरावर घेऊन गेले, मिठाचे ढीग काढायला. मगनभाईंनी आभाळ रंगवलं, पाणी रंगवलं, खाली मधोमध कोरा कागद!

“मगनभाई, मीठ कुठंय?”

“सर, मीठ सफेद, कागद पण सफेद. रंग कशाला वाया घालवू?”

आम्ही हसू दाबत होतो. सर मात्र त्या कागदाकडे बघत राहिले.

“जलरंग शिकवायला मला वर्ष लागलं असतं,” ते म्हणाले. “तुम्ही काटकसरीतून शिकलात!”

*

एकदा मुंबईचे एक तरुण चित्रकार व्याख्यानाला आणले. ते तासभर आकार आणि अवकाश यांवर बोलले. लोक शिस्तीत बसले होते, चेहऱ्यावर दुःखवट्याची कळा. शेवटी त्यांनी विचारलं, “काही प्रश्न?”

मग सुशीलाबाई उठल्या.

“हे सगळं ठीक आहे हो. पण नोकरी?”

“बँकेत आहे.”

असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! पाहुणे भारावले. जाताना म्हणाले, “इतका जाणकार श्रोता मुंबईतही नाही.”

*

मग मॉडेलचा प्रश्न आला. बसायला कोणी तयार होईना. शेवटी उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या फिलोमिना मावशीला विचारलं. तिची अट एकच, “टोपली खाली झाल्याबिगर बसनार न्हाय!” मग वर्गानंच सगळे बोंबील घेतले. शाकाहारी मगनभाईंनीही एक वाटा घेऊन शेजाऱ्याला दिला.

मावशी ऐटीत बसली. चित्र झाल्यावर जवळ येऊन न्याहाळलं.

“माजं सोनं कुठं हाय?”

“मावशी, तुम्ही घातलंच नव्हतं.”

“घातलं न्हाय म्हनून काय झालं? घरी हाय ना!”

सरांनी निमूट पिवळा रंग घेतला.

*

प्रदर्शनाचा रविवार उजाडला. अध्यक्ष संध्याकाळी पाचला येणार होते. आम्ही दाराबाहेर पाट्या लिहीत होतो, आणि दुपारपर्यंत कुत्रं फिरकलं नव्हतं. सर सारखे रस्त्याकडे बघत होते.

आमचा शिपाई दत्तू. कार्यक्रम असला की सरस्वतीच्या तसबिरीला हार आणि खाली समई, हे त्याचं ठरलेलं काम, हातवळणीचं. तो वर बघतसुद्धा नसे. त्या दिवशी चित्रांना जागा हवी म्हणून सरस्वती कपाटात ठेवली होती आणि तिच्या खिळ्यावर तात्या लटकत होते! सुशीलाबाईंनी काढलेले. दर रविवारी तात्या खिडकीतून आमच्याकडे न हलता रागानं बघायचे. असं मॉडेल कुठे मिळणार? तर दत्तूनं तात्यांना हार घातला, समई लावली आणि चहाला गेला. कार्यक्रमाला हार असतोच, म्हणून आम्हीही लक्ष दिलं नाही.

फिलोमिना मावशीनं दारातून डोकावलं.

“अगो बाय! कालपरवाच तर माज्या पापलेटाला नावं ठेवून गेलं!”

आणि कपाळ-छातीला हात लावून क्रूस करत ती तशीच निघून गेली. तात्या दोन दिवस मुलीकडे वसईला गेलेले, त्यामुळे घराला कुलूप. बातमी टोपलीबरोबर पार तारोडी गावापर्यंत पोचली.

तीनच्या सुमारास माणसं येऊ लागली. मिठागरावरची, बंदरावरची, बायाबापड्या. तात्यांपुढे हात जोडायचे, मग आलोच आहोत तर म्हणून बाकीची चित्रं बघायचे. “ह्यो आपलाच ढीग हाय रं!” सरांचे डोळे भरून आले. “बाई, गाव आलं!”

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, “कधी नेणार?”

आम्ही दोघांनी एकदमच भिंतीवर पाहिलं.

आणि मागच्या दारानं तात्या आले! पुढे चपलांचा खच होता ना.

“बाई, एवढी गर्दी कसली?”

मी बोट दाखवलं. तात्या दाराआडून बघत राहिले. हार. समई. त्यांच्या हाताखालचे आगरी गडी टोपी काढून उभे. परत आलेली मावशी मोठ्यानं सांगत होती, “तोंडाचा कडू, पन मानूस सोन्यासारका!”

सर धावत आले. “तात्या, माफ करा! आत्ता हार उतरवतो, सगळ्यांना सांगतो.”

“अध्यक्ष येऊन गेले?”

“नाही. पाचला येणार.”

तात्यांनी कपाटामागे स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

“मग हाराला हात लावू नका. अध्यक्ष येऊन जाईपर्यंत मी मेलेलाच बरा.”